सबब

आमच्या कार्यालयातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक आदेशात एक शब्द हमखास असतो, तो म्हणजे 'सबब'. अर्जदाराचे म्हणणे झाले, सामनेवाल्याचे म्हणणे झाले, कागदपत्रांचा उल्लेख झाला, की शेवटच्या परिच्छेदाची सुरुवात होते : 'सबब, मी खालीलप्रमाणे आदेश पारित करीत आहे.' मूळ अरबी शब्दाचा अर्थ कारण. दफ्तरी मराठीत त्याचा अर्थ 'म्हणून' असा झाला, आणि घरी बोलताना आपण तोच शब्द लंगड्या कारणासाठी वापरतो : 'सबबी सांगू नकोस.' निकाल लिहिण्याचे काम अंगावर आल्यापासून या तीन अर्थांकडे माझे लक्ष वारंवार जाते. आधीच्या पानांत कारणे खरोखर मांडलेली असली तर आदेशातला 'सबब' म्हणजे 'म्हणून'. ती मांडलेली नसली, तर हरलेला पक्षकार तो शब्द घरच्या अर्थाने वाचतो, आणि त्याचे चुकते असे मला म्हणता येत नाही.

मी अकरा वर्षे मुंबईत वकिली केली, त्यातली बहुतेक धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयात, घरमालक आणि भाडेकरू यांच्या दाव्यांत. त्यानंतर शासनाने सक्षम प्राधिकारी म्हणून नेमणूक केली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याच्या कलम ४० प्रमाणे उपजिल्हाधिकारी किंवा दिवाणी न्यायाधीश यांच्याहून कमी नाही अशा दर्जाचे पद धारण करणाऱ्या किंवा केलेल्या व्यक्तीला, अथवा किमान पाच वर्षे वकिली केलेल्या व्यक्तीला या पदावर नेमता येते. मी तिसऱ्या वाटेने आले. माझ्या अंगावर न्यायाधीशाचा झगा नाही आणि मी बसते ती खोली एका शासकीय इमारतीत आहे, जिच्या शेजारच्या दालनात दिवसभर निराळ्याच दाखल्यांसाठी रांग लागलेली असते. पण माझ्या सहीने एखाद्या कुटुंबाला घर रिकामे करावे लागते. अशा कामाला आपण अर्धन्यायिक म्हणतो. ज्याचे बिऱ्हाड उठते त्याच्यासाठी त्या निकालात अर्धे असे काहीही नसते.

मुंबईतल्या वाचकाला पागडी म्हणजे काय आणि लिव्ह अँड लायसन्स म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पागडीच्या चाळीतला, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे भरून कमी भाड्याने राहणारा, भाडेकरू आणि त्याचा मालक यांचे दावे लघुवाद न्यायालयात चालतात आणि ते पिढ्यान्पिढ्या चालल्याचे आपण ऐकलेले असते. आमच्याकडे येतात ते राहण्यासाठी, बहुधा अकरा महिन्यांच्या कराराने, दिलेल्या जागेचे अर्ज. कराराची मुदत संपली आणि लायसन्सीने, म्हणजे अशा कराराने राहणाऱ्याने, जागा सोडली नाही, तर कलम २४ खाली मालक आमच्याकडे ताब्यासाठी येतो. मुदत संपल्यापासून ताबा मिळेपर्यंत ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई देण्याची जबाबदारी लायसन्सीवर येते. याच कलमाच्या स्पष्टीकरणात असे म्हटले आहे की लेखी करार हा त्यात नमूद केलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानायचा. म्हणजे करारात मुदत ३१ मार्चला संपते असे लिहिलेले असेल, तर 'मालक तोंडी म्हणाले होते की राहा अजून वर्षभर' हे म्हणणे त्या कागदापुढे टिकत नाही.

यापेक्षाही कडक आहे ते कलम ४३. समन्स बजावल्यापासून तीस दिवसांत लायसन्सीने प्रतिज्ञापत्र करून आपल्या बचावाची कारणे मांडायची आणि बचाव करण्याची परवानगी मिळवायची. ती मिळवली नाही तर मालकाने अर्जात लिहिलेले सारे कबूल आहे असे कायदा धरतो. वकील असताना हे कलम मला पाठ होते, पण त्याचा अर्थ या खुर्चीवर बसल्यावर कळला. पहिल्या तारखेला माणूस समन्सचा कागद घडी करून खिशात घालून येतो, पुकारा झाला की पुढे येऊन हात जोडून उभा राहतो आणि बोलायला सुरुवात करतो. त्याला वाटते की बोलावले आहे म्हणजे बोलायचे आहे. बोललेले काहीच धरले जाणार नाही, कागदावर प्रतिज्ञापत्र हवे आणि ते अमुक तारखेच्या आत हवे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. समन्सवर ते छापलेले असते, पण न्यायालयाची भाषा पहिल्यांदा वाचणाऱ्याला छापलेले आणि सांगितलेले यांत फार अंतर असते. म्हणून मी पहिल्या तारखेला प्रत्येक सामनेवाल्याला हे कलम मराठीत किंवा हिंदीत समजावून सांगते, शेवटची तारीख मोजून सांगते, आणि सांगितल्याची नोंद रोजनाम्यात, म्हणजे प्रकरणाच्या तारीखवार नोंदीत, घेऊन त्याची सही घेते. काही वकिलांनी सुरुवातीला त्याला हरकत घेतली, की तुम्ही एका बाजूला सल्ला देत आहात. कायद्यात काय लिहिले आहे एवढेच मी दोन्ही बाजूंसमोर वाचून दाखवते, सल्ला देत नाही, असे माझे उत्तर आहे.

एकतर्फी आदेशांच्या बाबतीत माझा आणखी एक नियम आहे. पावसाळ्यात ज्या दिवशी कुर्ला-शीव भागात रुळांवर पाणी असते आणि गाड्या बंद असतात, त्या दिवशी गैरहजर राहिलेल्या कोणाविरुद्धही मी एकतर्फी आदेश करत नाही. बोर्डावरची, म्हणजे त्या दिवशीच्या यादीतली, सगळी प्रकरणे पुढची तारीख घेतात. मुलुंडहून निघालेला माणूस घाटकोपरला अडकला आणि त्यामुळे त्याचे घर गेले, असे होता कामा नये.

कायदा इतका अरुंद असला की सुनावणी हा नुसता सोपस्कार आहे असे वाटू लागते. करार वाचा, मुदत पाहा, आदेश लिहा. मलाही सुरुवातीच्या काळात तसे वाटले होते, आणि त्यातून माझ्याकडून जी चूक झाली ती इथे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

नेमणुकीला सहा महिनेही झाले नव्हते. टेम्पो चालवणारे एक गृहस्थ सामनेवाले होते. कराराची मुदत संपून सात महिने झाले होते आणि ते, पत्नी व दोन मुले अजून जागेत होती. शुल्क महिना २२,००० रुपये. त्यांचे म्हणणे असे की मुदत संपल्यावरही मालकाने पाच महिने पैसे घेतले, म्हणजे त्यांनी मुदत वाढवली. बचाव करण्याची परवानगी मी दिली, पुरावा झाला, युक्तिवाद झाला. पैसे घेतल्याने लेखी करार आपोआप वाढत नाही, हा माझा निष्कर्ष होता आणि तो आजही बरोबर वाटतो. मी ताब्याचा आदेश केला आणि दुप्पट दराने, महिना ४४,००० प्रमाणे, सात महिन्यांचे ३,०८,००० रुपये देण्यास सांगितले. आदेश दोन पानांचा होता. त्यात एक वाक्य होते : 'अभिलेखावर दाखल सर्व कागदपत्रांचे अवलोकन केले.'

चार दिवसांनी ते गृहस्थ सही-शिक्क्याची नक्कल घेऊन माझ्या दालनाच्या दारात उभे राहिले. हातात साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी होती, तिच्यात त्या पाच पावत्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. ते म्हणाले, 'मॅडम, जागा सोडतो मी, त्याचं काही नाही. पण माझ्या पावत्या यात कुठे आहेत ते दाखवा.' त्यांनी नक्कल माझ्यापुढे धरली. मी ती हातात घेतली नाही. दुसऱ्या पक्षाच्या गैरहजेरीत निकाली प्रकरणाबद्दल मला एका पक्षाशी बोलता येत नाही. पुनरीक्षण अर्ज, म्हणजे आदेश वरून तपासून घेण्यासाठीचा अर्ज, नव्वद दिवसांत करता येतो, एवढेच मी सांगितले आणि ते गेले. मग मी कारकुनाकडून फाइल मागवली. पावत्या निशाणी, म्हणजे पुराव्याचा क्रमांक, देऊन दाखल होत्या. माझ्या आदेशात त्या कुठेच नव्हत्या. मुदत वाढली की नाही या प्रश्नावर त्या पावत्यांचा उपयोग नव्हता हे खरे, पण रकमेच्या प्रश्नावर होता. सात महिन्यांपैकी पाच महिने २२,००० प्रमाणे १,१०,००० रुपये मालकाला आधीच पोचले होते. ते वजा जाता देणे निघत होते १,९८,००० रुपये. मी बेरीज बरोबर केली होती, वजाबाकी केलीच नव्हती, आणि ती न केल्याचे 'सर्व कागदपत्रांचे अवलोकन केले' या वाक्याने झाकून टाकले होते. मी खोटे लिहिले होते असे नाही. कागद मी पाहिले होते. पण पाहणे आणि विचारात घेणे यांतला फरक ज्या वाक्याने दिसेनासा होतो असे ते वाक्य आहे, आणि त्या दिवसापासून मी ते एकाही आदेशात लिहिलेले नाही.

त्या वेळी मला सर्वांत जास्त लागले ते हे, की मला त्यांना उत्तर देता येत नव्हते. चूक झाली आहे हे कळल्यावरही मी दारात उभे राहून ते बोलू शकत नव्हते, आणि बोलले असते तरी त्या बोलण्याला काही किंमत नव्हती. यावर मुंबईतलाच एक जुना निकाल आहे. अंधेरीला चित्रपटगृह बांधण्यासाठी गोरधनदास भानजी यांना मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी आधी परवानगी दिली आणि नंतर ती शासनाच्या सांगण्यावरून रद्द केल्याचे पत्र पाठवले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५१ च्या त्या निकालात न्यायमूर्ती विव्हियन बोस यांनी जे सांगितले त्याचा आशय असा, की सार्वजनिक अधिकाराने केलेला आदेश त्याच्या शब्दांवरूनच वाचायचा. आदेश करणाऱ्याच्या मनात काय होते, त्याला काय म्हणायचे होते, याचे त्याने मागाहून दिलेले स्पष्टीकरण त्यात मिसळता येणार नाही. पुढे १९७७ मध्ये फिरोजपूर मतदारसंघाचे मतदान रद्द केल्याच्या मोहिंदरसिंग गिल प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी याच निकालाचा आधार घेतला : आदेशात नसलेली कारणे पुढे प्रतिज्ञापत्र करून आदेशाला चिकटवता येत नाहीत. वकिलीत हे निकाल मी शासकीय आदेशांविरुद्ध कितीतरी वेळा वाचून दाखवले होते. माझ्यावर ते लागू होण्याची वेळ आली तेव्हा त्यांचा रोख मला नीट कळला. आदेश एकदा हातातून सुटला की माझे तोंड बंद होते. पक्षकाराच्या घरी, त्याच्या बायको-मुलांपुढे, त्याच्या वकिलापुढे माझ्या वतीने बोलणारा तो एकच कागद असतो. त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्या कागदात नसेल तर ते कुठेच नसते.

एक गोष्ट वकिलांना आवडणार नाही, तरी लिहिते. निकालाचे खरे वाचक वकील नसतात आणि वरचे न्यायालयही नसते. जिंकलेला पक्षकार तर आदेशाचे शेवटचे पानच वाचतो : ताबा मिळाला, संपले. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, एकेका ओळीवर बोट ठेवून आदेश वाचतो तो हरलेला माणूस. आपण सांगितलेले कुठे आहे, ते यात आहे का, आणि असेल तर ते का मानले नाही, हे तो शोधत असतो.

आपल्याकडे हे फार जुने आहे. मराठेशाहीतल्या वतनाच्या भांडणांचे जे कागद छापून आलेले आहेत त्यांत निवाडा होण्याआधी दोन्ही वाद्यांच्या तकरिरी, म्हणजे जबान्या, लिहून घेतलेल्या दिसतात. निवाडपत्रात त्या दोन्ही येतात, साक्षी येतात, मग निर्णय येतो. आणि हरलेल्याकडून यजितखत लिहून घेत : आपला दावा खरा ठरला नाही अशी त्याची स्वतःची कबुली. त्यामागे सक्ती किती आणि समजूत किती होती हे प्रत्येक कागदावरून सांगणे कठीण आहे, आणि त्या काळाच्या न्यायाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. पण निवाडा पुरा होण्यासाठी हरलेल्याच्या हातचाही कागद लागतो ही कल्पना मला महत्त्वाची वाटते. आज आम्ही यजितखत घेत नाही. मात्र आदेश लिहिताना मी स्वतःला विचारते की हा माणूस असा कागद मनापासून लिहून देऊ शकेल का, निदान माझे म्हणणे ऐकले आणि अमुक कारणाने मानले नाही, एवढे तरी तो लिहू शकेल का.

यातला 'ऐकले' हा भाग कारणांइतकाच महत्त्वाचा आहे. फुटपाथवर राहणाऱ्या मुंबईकरांच्या झोपड्या पूर्वसूचना न देता हटवण्याबद्दलच्या ओल्गा टेलिस प्रकरणात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असा युक्तिवाद आला होता की अतिक्रमण उघडच आहे, मग नोटीस देऊन ऐकून घेण्यासारखे उरते काय. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या निकालपत्राने तो युक्तिवाद मान्य केला नाही. ऐकून घेतल्याने निर्णय बरोबर येण्यास मदत होते हा सुनावणीचा एक उपयोग. पण आपल्याविषयीच्या निर्णयात आपल्याला बोलता येणे हा माणूस म्हणून असलेल्या प्रतिष्ठेचा भाग आहे, ही तिची दुसरी आणि स्वतंत्र किंमत. त्या प्रकरणातल्या लोकांना अखेरीस फुटपाथवर राहण्याचा हक्क मिळाला नाही. तरीही 'उत्तर ठरलेलेच आहे, मग ऐकायचे कशाला' या प्रश्नाला त्या निकालाने दिलेले उत्तर माझ्या रोजच्या बोर्डाला तंतोतंत लागू पडते, कारण माझ्या बहुतेक प्रकरणांत करार वाचताच उत्तर जवळजवळ ठरलेले असते.

ज्या प्रकरणाने मला हे सर्वांत जास्त शिकवले त्यात सामनेवाला एकदाही आला नाही. करार एकट्या नवऱ्याच्या नावावर होता, तो घर सोडून निघून गेला होता, आणि जागेत राहत होती त्याची पत्नी, शाळकरी मुलीसह. समन्स तिच्या हाती पडले, म्हणून ती आली. कलम २४ च्या तिसऱ्या पोटकलमाप्रमाणे करारानुसार लायसन्सी नसलेल्या कोणाचाही कसलाही दावा सक्षम प्राधिकाऱ्याने विचारात घ्यायचा नाही. म्हणजे माझ्यापुढे ती कोणीच नव्हती. अर्जदाराच्या वकिलांनी तसे सांगितले आणि ते कायद्याने बरोबर होते. मी तिला बसायला सांगितले, ती काय म्हणते ते ऐकले आणि रोजनाम्यात लिहिले : नवरा कधी गेला, शुल्क कोण भरत होते, मुलीची परीक्षा कधी आहे. मग आदेशात चार परिच्छेद या एका मुद्द्यावर लिहिले. ती हजर होती, तिने असे सांगितले, कायद्याचे हे पोटकलम मला तिचा दावा विचारात घेऊ देत नाही, आणि म्हणून मी तो घेतलेला नाही. नवऱ्याविरुद्धचे तिचे हक्क निराळ्या कायद्याखाली आहेत आणि ते या आदेशाने बाधित होत नाहीत, हेही लिहिले. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते, हे तिला दोन्ही पक्षांसमोर सांगितले. परीक्षा संपेपर्यंत जागा सोडण्यास मुदत द्यायला अर्जदार तयार झाले. तो चांगुलपणा त्यांचा, माझा नव्हे. निकाल तिच्या विरुद्धच गेला. मला त्यात समाधान वाटले असे म्हणणार नाही. ते कलम जसे आहे तसे अशा बाईला फार जड जाते असे माझे मत आहे, आणि करार करताना पती-पत्नी दोघांची नावे घालावीत हे मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगते.

आता एक तक्रार. ऐकेल त्यानेच निर्णय द्यावा, हा नियम शासनात फार सहज मोडतो. गुल्लापल्ली नागेश्वर राव यांच्या प्रकरणात आंध्रातल्या बसमार्गांच्या राष्ट्रीयीकरणावरच्या हरकती ऐकल्या सचिवांनी आणि निर्णय दिला मुख्यमंत्र्यांनी. १९५८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की एकाने ऐकायचे आणि दुसऱ्याने ठरवायचे असेल तर समक्ष सुनावणी हा पोकळ उपचार होतो. आमच्याकडे असे कोणी मुद्दाम करत नाही, बदल्यांमुळे ते घडते. मी रुजू झाले तेव्हा माझ्या आधीच्या अधिकाऱ्यांनी युक्तिवाद ऐकून निकालासाठी बंद केलेली प्रकरणे कपाटात होती. आदेश लिहिण्याआधीच त्यांची बदली झाली होती. टिपणे होती, लेखी युक्तिवाद होते, आणि मी ते वाचून आदेश लिहावेत अशी अपेक्षा होती. मी प्रत्येक प्रकरण पुन्हा बोर्डावर लावले. दोन्ही बाजूंचे लोक चिडले. दहिसरहून येणारे एक सेवानिवृत्त शिक्षक, ज्यांची एकच खोली अशा प्रकरणात अडकली होती, मला म्हणाले, 'बाई, मी हे सगळं एकदा सांगून झालंय.' त्यांचे बरोबर होते. त्यांचे सांगणे वाया गेले होते आणि त्यात त्यांचा काडीचाही दोष नव्हता. बचावाची परवानगी दिल्यापासून शक्यतो सहा महिन्यांत प्रकरण निकाली काढावे असे कायदा म्हणतो, आणि त्यांची ती मुदत केव्हाच उलटली होती. निकालासाठी बंद असलेली प्रकरणे लिहून पूर्ण होईपर्यंत अर्धन्यायिक अधिकाऱ्याला कार्यमुक्त करू नये, एवढा साधा दंडक शासनाने घालावा असे मला मनापासून वाटते. त्याला पैसा लागत नाही.

मी स्वतः आता युक्तिवाद संपल्यापासून दहा दिवसांच्या आत आदेश लिहिते, कारण त्यानंतर माणसाचा आवाज आठवत नाही, नुसता कागद उरतो. आदेश मराठीत लिहिते. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी ही शासनाची भाषा केलेली असली तरी दफ्तरी मराठी पक्षकाराला इंग्रजीइतकीच परकी वाटू शकते, त्यामुळे वाक्य लहान करता आले तर करते आणि 'उपरोक्त' ऐवजी मुद्दा कोणता ते पुन्हा लिहिते. सामनेवाल्याचे प्रत्येक म्हणणे आधी त्याच्याच शब्दांत मांडते, मग त्याखाली उत्तर. दाखल झालेला प्रत्येक कागद निशाणी क्रमांकाने येतो, अगदी ज्याचा उपयोग नाही तोही, आणि उपयोग का नाही ते एका ओळीत येते. आदेश यामुळे लांब होतात. माझ्या लघुलेखकांनी याबद्दल एकदाही कुरकुर केलेली नाही, याचा इथे उल्लेख केला पाहिजे.

टेम्पोवाल्या गृहस्थांनी पुनरीक्षण अर्ज केला. ताब्याचा आदेश कायम राहिला. रकमेपुरते प्रकरण माझ्याकडे परत आले, कारण दाखल पावत्यांचा विचार झालेला दिसत नाही, असे वरच्या आदेशात लिहिले होते. ते अगदी रास्त होते. मी दोन्ही पक्षांना पुन्हा नोटिसा काढल्या. तोवर त्यांनी जागा सोडली होती आणि ते विरारला राहायला गेले होते. मालकांनी पाचही पावत्यांवरची सही आपली असल्याचे कबूल केले. मी नवा आदेश लिहिला. त्यात पाच पावत्या पाच ओळींत, तारीख आणि रकमेसह, आणि खाली वजाबाकी : ३,०८,००० वजा १,१०,०००, बाकी १,९८,०००.

नक्कल घेतल्यावर ते गेले नाहीत. कारकुनाच्या टेबलाच्या कडेला पिशवी ठेवून त्यांनी पावत्या बाहेर काढल्या, आदेशाचे ते पान उघडले आणि एकेक पावती ओळीशी लावून पेन्सिलीने खूण करत गेले. पहिल्या दोन जुळल्या. तिसरीवर ते थांबले. पावतीवर ७ तारीख होती, आदेशात १ टंकित झाली होती. त्यांनी कारकुनाला दाखवले, कारकुनाने मला येऊन सांगितले. रकमेत त्याने काही फरक पडत नव्हता. मी फाइल मागवली, मूळ पावतीची प्रत पाहिली, आणि त्याच दुपारी लेखनप्रमाद दुरुस्त करणारे शुद्धिपत्र काढून दोन्ही पक्षांना पाठवले. त्याची स्थळप्रत त्या फाइलमध्ये आदेशाच्या वर लावलेली आहे.